उजव्या पाकळीची वाट

कृष्णनाथने नोकरीची वेळ बदलून मागितली, तेव्हा त्याला वाटलं होतं की मालक एक तर हो म्हणेल, नाही तर नाही म्हणेल. याच्या पलीकडे तिसरं काही असू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. असलं सरळ डोकं घेऊन माणूस गोव्यातल्या साखळी गावात चाळिशीपर्यंत सुखरूप पोचतो, हेच खरं म्हणजे नवल.

मागणी तरी काय मोठी होती? डिचोलीला गोकुळदासांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. काजूची खोकी, मिठाईची खोकी, सुक्या बांगड्यांची खोकी, जे मागाल ते. कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा आणि कोणाकडे पाठवायचा, हे सगळं कृष्णनाथ बघायचा. वेळ नऊ ते सहा. त्याला हवं होतं ते एवढंच, की सकाळी उजाडताच यायचं आणि दुपारी अडीचला सुटायचं. पगारवाढ नको, बढती नको. वेळ तेवढी सरकवून द्या.

आणि हे सगळं त्याच्या आईसाठी. सरस्वतीबाईंनी साठी ओलांडली होती, पण गावातल्या बायकांच्या फुगडी पथकात पहिली ओळ उचलायची ती त्यांनीच. त्यांनी आवाज लावला की मागच्या बायकांना आपोआप बळ यायचं. यंदा गणपतीच्या चवथीआधी मोठी स्पर्धा होती आणि पथकाचं नाव पहिल्यांदाच तिथं लागलं होतं. सराव दुपारी तीनला, देवळाच्या मंडपात, कारण जेवणखाण आवरून आणि संध्याकाळच्या चुलीआधी बायकांना मोकळा वेळ मिळतो तो तेवढाच. नेमक्या त्याच वेळी पहिलीतली नात सिद्धी सरस्वतीबाईंच्या पदराला असायची. सून गौरवी म्हापशाला नर्स, ती घरी येईपर्यंत दिवे लागायचे.

सिद्धीला सरावाला नेऊन बघितलं नव्हतं असं नाही. नेलं होतं. फेर रंगात आला आणि ही पोर सरळ मधून धावत सुटली. तिला चुकवायला सुमंगला वळली, ती भाग्यलक्ष्मीवर पडली, भाग्यलक्ष्मी आणखी कोणावर, आणि मग उरलेला सराव एकमेकींच्या खरचटलेल्या गुडघ्यांना हळद लावण्यात गेला. त्यानंतर पथकानं सरस्वतीबाईंना अगदी प्रेमानं सांगितलं, की तू ये, नातीला आणू नको.

त्या रात्री जेवताना सरस्वतीबाई मुलाला म्हणाल्या, "माजो अख्खो जल्म कोणाक तरी धरून बसण्यात गेलो. आधी दीर, मगे पोरां, मगे सासरो, आता नात. माका एकदा माझ्यासाठी नाचूचा आसा, किस्ना."

बाईंचं माहेर बांद्याकडचं. एरवी त्या साखळीत साखळीचं बोलायच्या, पण मनातलं निघालं की माहेरचं निघायचं. दुसऱ्याच दिवशी कृष्णनाथनं अर्ज दिला.

गोकुळदास तसे शिकलेले. परदेशी जाऊन व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेले. अर्ज वाचून ते छान हसले आणि म्हणाले की मॅनेजमेंटकडे पाठवतो. कृष्णनाथ खूश झाला. बाहेर येऊन हिशेब लिहिणाऱ्या प्राजक्ताला सांगितलं, तर ती त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली.

"मॅनेजमेंट कोण माहीत आहे ना तुला?" तिनं विचारलं. "सरांची देवी."

गोकुळदास मूळचे पेडण्याकडचे आणि त्यांच्या घरात प्रसाद लावल्याशिवाय पान हलत नाही. म्हणजे काय, तर देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, पुजाऱ्यानं प्रश्न सांगून गाऱ्हाणं घालायचं आणि मग गप्प बसून बघत राहायचं. देवीची उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्नं अशी ठरतात, विहिरी अशा खणल्या जातात. कारखान्यातलं कापायचं यंत्र असंच आलं होतं आणि प्राजक्ताची नेमणूकसुद्धा अशीच झाली होती. तिची उजवी पाकळी म्हणे पुजाऱ्याचं गाऱ्हाणं संपायच्या आत पडली, आणि ते ती पदवीसारखं सांगायची.

कृष्णनाथची मात्र पडेना. दर सोमवारी गोकुळदास पहाटे पेडण्याला जायचे, दुपारी परत यायचे आणि कृष्णनाथची नजर चुकवून केबिनमध्ये शिरायचे. श्रावण धो धो कोसळत होता. देऊळ ओलं, देवी ओली, पाकळ्या ओल्या. एकदा चिकटलेली पाकळी हलायचं नाव घेत नव्हती. ना उजवी, ना डावी. कृष्णनाथ देवाचं करणारा माणूस, पण सुट्या मालाच्या गाड्या भरताना त्याच्या मनात यायचं, की आपली आई नाचणार की नाही हे एका झेंडूच्या चिकटपणावर अवलंबून असावं, हे काही बरं नाही.

घरी तो आईला दर सोमवारी तेच सांगायचा, अजून विचार चालू आहे म्हणून. शेवटी एकदा त्याच्या तोंडून पाकळीचं निघून गेलं. सरस्वतीबाईंनी ऐकून घेतलं, भांडी पालथी घातली आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की घरात काहीतरी शिजत असतं, हे कृष्णनाथला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी सिद्धीला शाळेत सोडून त्यांनी सुमंगलाला बरोबर घेतलं आणि म्हापशामार्गे पेडण्याची बस धरली. उद्देश अगदी सात्त्विक होता. आपणही देवीपुढं नारळ ठेवायचा, दोन शब्द सांगायचे. देवळात पोचल्या तर गोकुळदास आधीच डोळे मिटून बसलेले. कारखान्याच्या पूजेला येऊन गेल्यामुळे बाई त्यांना ओळखत होत्या. दोघी खांबाआड बसल्या. पुजारी गाऱ्हाणं पुटपुटत होता, त्यातलं अक्षर इथवर पोचत नव्हतं. पण प्रश्न काय ते विचारायला कशाला हवं? आपल्या किस्नाचाच.

पाऊस नेमका थांबला होता आणि आत घामाच्या धारा लागल्या होत्या. पुजाऱ्यासाठी एक उंच दांड्याचा फॅन भिंतीकडे तोंड करून फिरत होता. बराच वेळ गेला. पाकळ्या देवीला बिलगून बसलेल्या. सुमंगलाला डुलकी लागली, पुजारीही पेंगायला लागला. सरस्वतीबाईंची नजर आधी पाकळीवर गेली, मग फॅनवर, मग परत पाकळीवर.

त्यांनी मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली. आपण देवीला सांगत काहीच नाही आहोत, तिला जरा वारा घालतो आहोत, इतकंच. देवीचं उजवं म्हणजे आपलं डावं, एवढा हिशेब करून त्या उठल्या, साडी सारखी करण्याच्या निमित्तानं फॅनपाशी गेल्या आणि त्याची मान हळूच वळवली. समईची ज्योत आडवी झाली. पाकळी थरथरली, एका टोकाला सुटली आणि पडली. उजवी.

गोकुळदासांनी डोळे उघडले आणि तिथंच साष्टांग घातला. सरस्वतीबाईंनी सुमंगलाला हलवून उठवलं आणि दोघी बस चुकू नये म्हणून तशाच बाहेर पडल्या. फॅन पुन्हा होता तसा करायचं राहिलं ते राहिलंच.

घरी आल्या आणि बाईंनी कामाचा सपाटा लावला. पथकातल्या सगळ्यांना फोन गेले, की उद्यापासून मी रोज येणार. हिरव्या साड्या ठरल्या. भाग्यलक्ष्मीनं शेजारी पेढे वाटले. कृष्णनाथ संध्याकाळी आला तर दारातच बातमी. फॅनचं सोडून बाकी सगळं आईनं सांगितलं, आणि देवीनं हो म्हटल्यावर मालक नाही म्हणणार कसा, असंही विचारलं. ते कृष्णनाथला पटलं. पटण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो उजाडता कारखान्यात हजर. गोकुळदास आलेलेच नव्हते. तेरेखोलला गेलेत, कधी येतील सांगता येत नाही, असं प्राजक्ता म्हणाली. कृष्णनाथ अडीचला उठला, डबा घेतला आणि निघाला. परवानगी कागदावर आली नव्हती, पण वरून आली होती. त्याच्यापुढे कागद काय चीज आहे. त्यानंतरही तो तसाच अडीचला निघाला, आणि त्याची आई कमरेला पदर खोचून मंडपात.

पण मालाच्या गाड्यांना देवीनं काही कळवलं नव्हतं. त्या नेहमीसारख्या चारच्या पुढे आल्या. बघणारा कोणी नाही म्हणून ड्रायव्हरांनी जो ढीग जवळ होता तो भरला. म्हापशाच्या मिठाईवाल्याकडे सुक्या बांगड्यांची खोकी पोचली आणि सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याकडे मोदकांची. चवथीची घाई. मिठाईवाल्यानं संध्याकाळच्या अंधारात निम्मा माल भरूनही टाकला. सकाळी त्याच्या गिऱ्हाइकांच्या घरी देवापुढं पेढे ठेवले गेले ते बांगड्याचं चित्र असलेल्या खोक्यातून. श्रावणात. लोकांनी त्याला फोनवर काय काय ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही, आणि त्यानं ते सगळं जसंच्या तसं गोकुळदासांना ऐकवलं.

गोकुळदासांनी कृष्णनाथला केबिनमध्ये बोलावलं. केबिनमध्ये एक नवीन गोष्ट होती. खिडकीजवळच्या खुर्चीत नऊवारी नेसलेली एक म्हातारी पाय वर घेऊन वाती वळत बसली होती आणि मालकांचं वागणं बारकाईनं बघत होती.

मालक फार रागावले नव्हते. उलट कानकोंडे झाले होते. कळवायचं राहून गेलं ही माझी चूक, म्हणाले, पण तू परवानगीशिवाय असं कसं निघालास?

"सर, उजवी पडली ना?" कृष्णनाथ म्हणाला.

"उजवीच पडली. म्हणून तर तुला नाही म्हणावं लागतंय."

कृष्णनाथला काही समजेना. मग गोकुळदासांनी उलगडून सांगितलं. इतके सोमवार ते विचारत होते की याला वेळ बदलून देऊ का. देवी बोलेना. तेव्हा त्यांनी ठरवलं, की तिला हो म्हणणं जड जात असेल, तर प्रश्नच फिरवून विचारू. म्हणून त्या सोमवारी विचारलं, की नाकारू का? आणि त्याच दिवशी उजवी पडली. याबाबत देवी पहिल्यांदाच बोलली होती. त्यापुढं ते काय करणार?

कृष्णनाथ घरी आला आणि मंडपाकडे निघालेल्या आईला त्यानं उंबऱ्यावरच सगळं सांगितलं. सरस्वतीबाईंनी खोचलेला पदर सोडला. त्यांचा चेहरा इतका पडला की त्याला बघवेना. पण पुढच्याच क्षणी त्या संतापल्या. देवापुढे असला उफराटा प्रश्न घेऊन कोण जातं? माणसानं सरळ विचारावं! आणि मग त्याच रागात त्यांच्या तोंडून फॅनचं निघालं.

"आई," कृष्णनाथ खाली बसला. "तू देवीला फॅन लावलास?"

"लावलंय. आनी आता तुझ्या शेटाक जावन सांगतंय. माझ्या पापान माझो झील नको मरूंक."

त्यानं खूप समजावलं. पाकळीचं पाप लागेल ते लागेल, पण नोकरी जाईल, असंही म्हणून बघितलं. बाईंनी सिद्धीचा हात धरला आणि डिचोलीच्या बसमध्ये चढल्या. कृष्णनाथ मागोमाग.

केबिनमध्ये गोकुळदास होते आणि त्यांच्यासमोर ती वाती वळणारी म्हातारीही होती. सरस्वतीबाईंनी बसायचीही वाट बघितली नाही. खांब, घाम, फॅन, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाल्या, "शेटानू, ती पाकळी देवीन नाय दिली. माझ्या हातान पडली. शिक्षा काय ती माका करा, ह्याका नको."

गोकुळदास ऐकत होते ते अर्ध्यावरच पांढरे पडले होते. त्यांनी विचारलं ते शिक्षेचं नव्हतं.

"मावशी, जाताना तुम्ही तो फॅन परत फिरवला होता?"

"नाय."

मालक खुर्चीत मागं टेकले. त्यांची नजर म्हातारीकडे गेली, तिथून घाईनं छताकडे गेली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. देवी आज बोलतेय म्हटल्यावर गोकुळदासांनी तिथंच दुसरा प्रश्न घातला होता, जो त्यांनी वर्षानुवर्षं टाळला होता. सासूबाई सत्यवती तेरेखोलला एकट्या राहतात, त्यांना कायमचं आपल्याकडे आणू का? फॅन चालूच होता. उजवी पडली. तो माणूस दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन तेरेखोलला गेला आणि सासूबाईंना ट्रंकेसकट घेऊन आला. बायको शाळेत शिकवायला जायची, घरी करमत नाही म्हणून सासूबाई रोज जावयाबरोबर कारखान्यात येऊन बसायला लागल्या. दोन गिऱ्हाइकांना त्यांनी चहा मिळण्याआधी वाटेला लावलं होतं. पुठ्ठा फार वाया जातो, असंही त्यांचं मत झालं होतं.

सत्यवतीबाईंच्या हातातली वात तशीच राहिली.

"म्हणजे माका देवीन नाय बोलावलां," त्या अगदी हळू म्हणाल्या. "फॅनान हाडलां."

गोकुळदास नाही नाही म्हणत उठले. म्हातारीचे डोळे भरले होते. सरस्वतीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आल्या होत्या मुलाला सोडवायला आणि इथं एका बाईचं मन मोडलं. ज्या घरात आपल्याला कोणी मनापासून बोलावलेलं नाही त्या घरात बसणं म्हणजे काय, हे त्या नवीन सून होत्या तेव्हापासून जाणून होत्या. त्या जाऊन तिच्या पायाशीच बसल्या.

"आक्का, फुगडी येता?" त्यांनी विचारलं.

सत्यवतीबाईंनी नाक पुसलं. "येता म्हणजे? तेरेखोलात माझ्याबरोबर कोण टिकत नसे."

"मगे वाती कसल्यो वळतात? आमका एक जोडीदारीण कमी पडता. उद्या तीनाक साखळेक येवा."

म्हातारी उठली, तिनं सरस्वतीबाईंचे दोन्ही हात धरले, पायाला पाय लावला आणि खात्री करून घ्यावी तशी जागच्या जागी एक गिरकी मारली. टेबलावरचे कागद उडाले. सिद्धी टाळ्या पिटायला लागली. गोकुळदास भिंतीला चिकटून उभे राहिले, आणि कृष्णनाथच्या म्हणण्याप्रमाणे, तेरेखोलहून आल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुख दिसलं.

आता वेळ बदलून मिळणार, यात कृष्णनाथला शंका उरली नाही. पण तो सरळ डोक्याचा माणूस, हे सुरुवातीलाच सांगितलंय. सासूबाईंना रोज तीनला साखळीत पोचवायचं कोणी? गोकुळदासांनी बायकोला विचारून बघितलं. ती म्हणाली, आई माझी आहे, पण प्रसाद तुम्ही लावलात, तेव्हा पोचवा तुम्ही. ड्रायव्हरबरोबर जायला सासूबाई तयार नव्हत्या. म्हणजे मालकांनाच दुपारी निघावं लागणार, आणि सराव संपेपर्यंत तिथं थांबावं लागणार. मालक नाहीत म्हटल्यावर कारखान्यात संध्याकाळपर्यंत जबाबदार माणूस हवाच. बांगड्याच्या खोक्यातून पेढे पुन्हा जाऊन चालणार नव्हतं. आणि गाड्यांचं सगळं ठाऊक असलेला माणूस कारखान्यात एकच होता.

गोकुळदासांनी कृष्णनाथच्या खांद्यावर हात ठेवून हे सांगितलं. अर्ज त्यांनी या खेपेला कोणालाही न विचारता, स्वतःच्या अकलेनं फेटाळला. देवीला असल्या बारीकसारीक गोष्टींचा त्रास द्यायचा नाही असं मी ठरवलंय, असंही ते म्हणाले.

"पण सर, माझ्या आईचं काय? सिद्धीला कोण बघणार?"

"मी मंडपात रिकामाच बसलेलो असणार," गोकुळदास म्हणाले. "मी बघीन."

तसंच झालं. रोज दुपारी गोकुळदासांची गाडी मंडपाशी लागते. सत्यवतीबाई उतरतात त्या पदर खोचूनच. सरस्वतीबाई पहिली ओळ उचलतात, समोरून सत्यवतीबाई तिला उत्तर देतात, आणि दोघींचा फेर सुरू झाला की रस्त्यावरून जाणारी माणसं स्कूटर थांबवून बघतात. सरस्वतीबाई घरी येतात त्या घामानं भिजलेल्या आणि गात. गौरवी म्हणते, लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंना इतकं हसताना मी बघितलं नव्हतं. तेवढं ऐकलं की कृष्णनाथला वाटतं, चला, झालं ते बरंच झालं.

तो सहापर्यंत कारखान्यात असतो. गाड्या भरायच्या वेळी सगळीकडे नजर जावी म्हणून मालकांच्या खुर्चीत बसतो. परवा तो असाच बसलेला असताना फोन वाजला. मागून टाळ्यांचा आणि पायांचा दणदणाट ऐकू येत होता आणि गोकुळदास दबक्या आवाजात बोलत होते.

"कृष्णनाथ, एक विचारायचं होतं रे. सिद्धीला आज मी उशिरा पोचलेलं आवडलं नाही. रुसून बसली आहे. मी उद्यापासून जरा दोनलाच निघालो कारखान्यातून, तर चालेल?"

कृष्णनाथनं बाहेर उभ्या गाडीकडे बघितलं. मोदकांची खोकी चढत होती.

"उद्याच्या दिवस निघा, सर," तो म्हणाला. "रोजचं बघू." आणि त्यानं फोन ठेवला.